थॉमस पेन : मताच्या हक्काचा कैवारी

महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांना ज्या ग्रंथांनी दिशा दिली, त्यांत थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. हाच पेन क्रांतिकाळात फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेचा सभासद होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१७३७ साली इंग्लंडमधील थेटफर्ड येथे, कॉर्सेट शिवणाऱ्या कारागिराच्या घरी त्याचा जन्म झाला. १७७४ मध्ये तो अमेरिकेस गेला आणि दोनच वर्षांत ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने स्वातंत्र्याच्या बाजूने लोकमत जागे केले.

१७९२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सची राजसत्ता कोसळली. नवी राज्यघटना करण्यासाठी निवडणूक झाली. आधीच्या घटनेतील कर भरण्याची अट या वेळी उठवली होती. स्त्रिया व घरगडी मात्र मताबाहेरच राहिले. कॅलेच्या मुलखाने परदेशी पेनला निवडून दिले. त्याला फ्रेंच नीट बोलता येत नसे, तरीही घटना समितीत त्याची निवड झाली.

राजा सोळाव्या लुईला ठार न मारता हद्दपार करावे, असे त्याने सभेत मांडले. ते अनेकांना रुचले नाही. समितीचा मसुदा बाजूला पडला. १७९३ ची दुसरी घटना जनमताने मंजूर झाली, पण युद्धाचे कारण सांगून ती अमलात आलीच नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेन तुरुंगात गेला. दहा महिन्यांनी अमेरिकी वकील मन्रो यांच्या खटपटीने तो सुटला, तेव्हा प्रकृती पार खालावली होती.

सभासदत्व परत मिळाले. १७९५ च्या जुलैत नव्या घटनेत मताला पुन्हा कराची अट आली. आजारी पेन सभेपुढे उभा राहिला आणि त्याचे भाषण फ्रेंचमध्ये वाचले गेले. माणसाचा हक्क त्याच्या मिळकतीवर ठरवला, तर क्रांतीचा पायाच ढासळतो, हा त्याचा मुद्दा होता. सभेने तो मानला नाही. पुढच्या विधिमंडळात पेन नव्हता. १८०९ मध्ये न्यूयॉर्कला तो वारला. अंत्यविधीस मोजकीच माणसे होती.

फ्रान्समध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळायला १८४८ उजाडले, स्त्रियांना १९४४. ब्रिटिश हिंदुस्थानातही मताला मालमत्ता, कर वा शिक्षणाची अट होती. १९५० च्या आपल्या राज्यघटनेने ती सरसकट काढून टाकली. घरातल्या आजी-आजोबांच्या बोटाला पहिल्यांदा लागलेल्या शाईचे मोल या एका माणसाच्या चरित्रातून नीट उमजते.