माणिकबागेचे धनी : यशवंतराव होळकर (दुसरे)

यशवंतराव होळकर हे नाव उच्चारताच मराठी मनाला लॉर्ड लेकशी झुंजणारा सेनानी आठवतो. त्याच नावाचे, इंदूर संस्थानचे अखेरचे अधिपती मात्र एका वास्तूमुळे जगाच्या स्मरणात राहिले आहेत.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. वडील तुकोजीराव (तिसरे) यांनी १९२६ साली गादी सोडली, तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. ऑक्सफर्डला शिकत असताना एकार्ट म्युथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी त्यांचा स्नेह जुळला. १९३० साली राज्याचे पूर्ण अधिकार हाती येताच महाराजांनी त्याच्याकडे नव्या निवासस्थानाचे काम सोपविले आणि १९३३ पर्यंत माणिकबाग उभी राहिली.

त्या काळी संस्थानिकांचे वाडे म्हणजे घुमट, झुंबरे आणि सोनेरी नक्षी. माणिकबागेत यांपैकी काहीही नव्हते. सरळ रेषा, साध्या भिंती, धातू व काचेचे सामान आणि उन्हाळ्यावर उपाय म्हणून वातानुकूलन, असे तिचे स्वरूप होते. रुलमान, ल कॉर्बुझिए, आयलीन ग्रे अशा कलावंतांचे फर्निचर तेथे आले. अलंकरणापेक्षा उपयोग व प्रमाणबद्धता श्रेष्ठ, हा युरोपातील नवा विचार माळव्याच्या मातीत इतक्या पूर्णत्वाने प्रथमच अवतरला होता.

या घरात कागलच्या घाटगे घराण्यातील महाराणी संयोगिताबाईंचा सहवास महाराजांना फार काळ लाभला नाही. १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. शिल्पकार ब्रांकुशी याच्याकडून महाराजांनी ‘अवकाशातील पक्षी’ ही तीन शिल्पे घेतली होती, एक कांस्याचे व दोन संगमरवरी. त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधण्याचीही योजना होती. त्याकरिता शिल्पकार स्वतः इंदुरास येऊन गेला, परंतु मंदिर कागदावरच राहिले.

१९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले व महाराज उपराजप्रमुख झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. पुढे माणिकबागेत केंद्र सरकारचे अबकारी कार्यालय आले. संगमरवरी पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले आणि १९८० साली मोनॅको येथे उरलेल्या सामानाचा मोठा लिलाव झाला. २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयाने या महाराजांच्या रसिकतेवर प्रदर्शन भरविले. जी कला इंदूरच्या सामान्य नागरिकाला दरवाजाबाहेरूनही दिसली नव्हती, ती परक्या नगरीत तिकीट काढून लोकांनी पाहिली.

महाराजांची दृष्टी काळाच्या पुढे होती, याविषयी दुमत नाही. परंतु तो ठेवा लोकांच्या हाती सोपविण्याची व्यवस्था झाली नाही. आपल्या भागातील मराठी ग्रंथालये संस्थाने गेल्यानंतरही टिकली, कारण त्यांचे धनी अनेक होते. माणिकबागेचा धनी एकच होता. तो गेल्यावर भिंती उरल्या आणि त्या भिंतींना अर्थ देणारे सारे जगभर विखुरले.