सुरवंटांमागे सातासमुद्रापार

आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बायांना कोसा काही नवा नाही. आरमोरी भागातली ढिवर कुटुंबं पिढ्यान् पिढ्या ऐनाच्या अन् अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवत आली आहेत. बचत गटाच्या कामाला मी तिकडे जाते, तेव्हा बघते, कोशातून निघालेला पतंग नर की मादी हे तिथल्या बाया एका नजरेत सांगतात. नर लहान, विटकरी रंगाचा, त्याच्या मिशा पिसासारख्या रुंद. मादी मोठी, पिवळसर किंवा राखाडी, पोट फुगलेलं, मिशा अरुंद. दोघांच्याही चारही पंखांवर आरपार दिसणारा गोल डोळा. फुलपाखरू की पतंग, हेही मिशांवरूनच कळतं. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या सहसा नसते.

पण अळी आणि पतंग हा एकच जीव, हे युरोपातल्या भल्या भल्या विद्वानांना एकेकाळी ठाऊक नव्हतं. चिखलातून, कुजक्या पाल्यातून किडे आपोआप जन्मतात असं तिथे मानायचे. अशा काळात मारिया सिबिला मेरियन जन्मली, १६४७ साली, जर्मनीतल्या फ्रँकफर्टला. वडील छापखानेवाले, ते ती तीन वर्षांची असतानाच गेले. सावत्र वडील फुलांची चित्रं काढायचे. त्यांच्याकडे ती रंग-कुंचला शिकली आणि तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळायला लागली. पोरीच्या जातीला हे काय खूळ, असं कुणी ना कुणी म्हटलंच असेल!

१६६५ मध्ये योहान ग्राफ या चित्रकाराशी लग्न झालं. दोन मुली झाल्या. घर सांभाळून ती मुलींना भरतकाम, चित्रकला शिकवायची आणि एकीकडे डब्यांतून अळ्या वाढवायची. कोणती अळी कोणतं पान खाते, कात कधी टाकते, कोशातून काय निघतं, सगळं टिपून ठेवायची. १६७९ मध्ये तिचं सुरवंटांचं पुस्तक निघालं. त्यात झाड, अंडी, अळी, कोश आणि पतंग एकाच चित्रात होते. नुसते टाचणीला टोचलेले पंख बघणाऱ्यांना हे नवंच होतं.

संसार मात्र टिकला नाही. आई आणि दोन्ही मुलींना घेऊन ती हॉलंडमधल्या एका धार्मिक पंथाच्या वसाहतीत राहायला गेली. नवरा न्यायला आला, तरी ती परत गेली नाही. पुढे ॲमस्टरडॅमला चित्रं आणि रंग विकून तिने स्वतःचं पोट भरलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आजही नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईला गावात काय काय ऐकावं लागतं, ते मी कामात रोज बघते.

१६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, चित्रं विकून पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीला घेऊन ती जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिथे डच मळेवाल्यांना उसाशिवाय काही सुचत नव्हतं. हिला जंगलात न्यायला, अळ्या आणून द्यायला गुलाम माणसंच होती. आपल्या अंगणात असतो ना शंकासूर, लाल-पिवळ्या फुलांचा? त्याच्या चित्राशेजारी तिने लिहून ठेवलं, की गुलाम बाया त्याच्या बियांनी गर्भ पाडतात, कारण आपलं लेकरू गुलामीत जन्माला यावं असं त्यांना वाटत नाही. किड्यांच्या पुस्तकात हे लिहायची तिला काही गरज नव्हती. तरी तिने लिहिलं. मला तिच्या सगळ्या चित्रांपेक्षा ही नोंद मोठी वाटते.

आजारी पडल्यामुळे १७०१ मध्ये तिला परतावं लागलं. १७०५ मध्ये साठ चित्रांचं सुरिनामचं पुस्तक आलं. त्यातली चित्रं बघूनच पुढे लिनियसने कितीतरी किड्यांना शास्त्रीय नावं दिली. १७१७ मध्ये ती ॲमस्टरडॅमला वारली. जर्मनीत युरो येण्याआधीच्या पाचशे मार्कांच्या नोटेवर तिचाच चेहरा होता.