चिंतामणराव देशमुख : घरातला माणूस

पेण, कासू, रोहा हा पट्टा जुन्या कुलाब्यातला. १९५२ ला कुलाब्यातून लोकसभेवर गेलेले सी. डी. देशमुख देशाचे अर्थमंत्री म्हणून सगळ्यांना ठाऊक, घरातले चिंतामणराव फारसे कुणाला माहीत नाहीत.

जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावी. वडील रोह्याला वकील. पहिली बायको रोझिना इंग्रज, एक मुलगी झाली. १९४९ ला रोझिना गेल्या. १९५३ ला आंध्रच्या दुर्गाबाईंशी लग्न केलं. बालविवाहातून बाहेर पडून, तुरुंग भोगून वकील झालेली ही बाई. पन्नाशी उलटल्यावरचा हा संसार २८ वर्षं टिकला. मधेच १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९७५ ला दोघांनाही पद्मविभूषण मिळालं, नवरा-बायकोला एकाच वर्षी!

मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ ला, ८६ व्या वर्षी, हैदराबादला चिंतामणरावही गेले.