पालवणकर बाळू आणि निवडीचा तराजू

कुर्डुवाडी हे रेल्वेचे गाव. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाईन कुर्डुवाडीहून बार्शीला नेली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. ती छोटी गाडी आता राहिली नाही, सगळीकडे ब्रॉडगेज झाले. परंतु एप्रिल महिन्यात बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवसांत आमच्या वस्तीतली पोरे टेनिस बॉलच्या मॅचेस लावतात, त्या अजून तशाच चालू आहेत. आम्हीही संध्याकाळी मैदानाच्या कडेला जाऊन बसतो.

यंदा तिथे कॉलेजात शिकणारा एक डावखुरा मुलगा बॉलिंग टाकताना पाहिला. चेंडू असा वळवत होता की समोरचा बॅट्समन नुसता चाचपडत होता. चौकशी केली तेव्हा कळले की तो निवड चाचणीला जाऊन आला आहे. लांबलचक रांगेत दिवसभर उभा राहिला, सहा चेंडू टाकायला मिळाले, आणि यादीत नाव आले नाही. नाव लिहून घेणाऱ्याने आडनाव मात्र दोनदा विचारले. आपण कशात कमी पडलो हे त्याला कोणी सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही. विचारायचे असते हेच त्याला ठाऊक नव्हते.

निवड हा सध्या मोठा धंदा झाला आहे. 2008 पासून आयपीएलमध्ये खेळाडूंचे लिलाव होतात. अमेरिकेत तर हातात चेंडू धरून पळण्याचा त्यांचा जो फुटबॉल आहे, त्यात 1936 पासून कॉलेजच्या पोरांची रीतसर निवड होते. लांबून फेकलेला चेंडू झेलून पळणारा जो गडी असतो, त्याची उंची मोजतात, पंजा मोजतात, चाळीस यार्ड पळायला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून मोजतात. इतके मोजूनही माणूस नजरेतून सुटतो. मिसिसिपीमधल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या एका लहान कॉलेजात शिकलेला जेरी राइस 1985 सालच्या निवडीत सोळावा आला. त्याच्या आधी पंधरा जण उचलले गेले, त्यातले दोन त्याच्याच जागेवर खेळणारे होते. राइसचा वेग कमी आहे, आणि लहान कॉलेजातल्या पराक्रमाला फार किंमत देऊ नये, असे जाणकारांना वाटत होते. त्याच राइसने पुढे चेंडू झेलण्याचे जवळजवळ सगळे विक्रम मोडले. घड्याळ खोटे नव्हते. पण त्या घड्याळाने माणूस पुरता मोजता आला नाही.

आपल्याकडे हा खेळ त्याच्या शंभर वर्षे आधी होऊन गेला आहे. त्या माणसाचे नाव पालवणकर बाळू. आमच्या किती पोरांना हे नाव माहीत आहे, असा प्रश्न आम्ही त्या संध्याकाळी मैदानावर विचारला. एकही हात वर झाला नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला झाला. घराणे चर्मकार समाजाचे, मूळ कोकणातल्या पालवणचे. वडील इंग्रजांच्या पलटणीत नोकरीला होते. पुढे कुटुंब पुण्याला आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा लवकर सुटली. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे हे काम महिना तीन रुपयांवर मिळाले. 1892 च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात लागले. तिथे महिना चार रुपये मिळत. जाळी लावायची, खेळपट्टी तयार करायची, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे.

तिथे जे. जी. ग्रेग नावाचा लष्करातला अधिकारी होता. त्या काळच्या हिंदुस्थानातल्या गोऱ्या खेळाडूंत त्याचे नाव फार मोठे. रोज इतरांच्या तासभर आधी येऊन तो बाळूंच्या बॉलिंगवर सराव करी. बाळूंनी त्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, हिशेब मात्र स्पष्ट होता. दांडी उडाली की उडाली, तिथे जातीचा दाखला चालत नाही. तासन् तास आणि महिनोन् महिने बॉलिंग टाकून बाळूंचा डावा हात असा तयार झाला की चेंडूचा टप्पा आणि वळण त्यांच्या हुकमात आले.

मात्र त्याच जाळीत एक गोष्ट कधी घडली नाही. शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या मुलाच्या हातात कोणा साहेबाने सरावासाठी बॅट दिली नाही. बॅटिंग हे मालकाचे काम आणि बॉलिंग ही चाकरी, अशी ती वाटणी होती. आमच्या वाचकांना ही वाटणी ओळखीची वाटेल. गावगाड्यात घाम कोणाचा आणि मान कोणाचा हे जसे आधीच ठरलेले असे, तसेच ते खेळातही ठरलेले होते.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांच्या संघाला हरवायचे होते. त्यासाठी बॉलर हवा होता, आणि पुण्यातला सर्वांत चांगला बॉलर अस्पृश्य निघाला. घ्यावे की न घ्यावे यावर वाद झाला. शेवटी घेतले. पण कसे घेतले? मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरे. बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण यष्टिरक्षक हाताने झेली आणि परत बाळूंकडे फेकी. विश्रांतीची वेळ झाली की संघ आत जाई आणि बाळू बाहेर राहत. त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, म्हणजे नंतर ते भांडे फेकून देता येईल. जेवणाचे पान वेगळे. हातावर पाणी घालायला अस्पृश्यच नोकर. चेंडूचा विटाळ होत नव्हता, कपबशीचा होत होता!

तरीही विकेट पडत राहिल्या. साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सात गडी बाद केले आणि संघ जिंकला. त्यानंतर त्यांची जाहीर वाखाणणी झाली, पुण्यातल्या पुढाऱ्यांनी सत्कार केले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी तर बरोबर खेळता मग बरोबर जेवत का नाही, अशा आशयाचे कानही उपटले. परंतु ज्याचा चेंडू पाहून टाळ्या पिटल्या त्याच्या पंगतीला बसायला समाज तयार नव्हता.

1896 साली प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद, पुन्हा तीच कुरकुर. संघाचे कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला म्हणून बाळू आत आले. मुंबईत त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळले. रेल्वेने कितीतरी खालच्या थरातल्या माणसांना जातीच्या गावातून उचलून पगाराच्या गावात आणले. कुर्डुवाडीकरांना हे वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला 109 धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले. शिवरामही संघात होते. 1907 साली हिंदू पुन्हा जिंकले. राज्यकर्त्या गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून देशभर आनंद झाला. त्या आनंदात दोन चर्मकार भावांच्या घामाचा वाटा किती, याचा उच्चार काही सुधारक वृत्तपत्रांनी केला, बाकीच्यांनी सोयीस्कर मौन पाळले.

1911 साली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. हिंदू, पारशी आणि मुसलमान यांना जागा वाटून संघ ठरला होता, आणि कप्तानपद राजाला, म्हणजे जन्माला मिळाले. महाराज थोडे सामने खेळून दरबारी मेजवान्यांकडे वळले. खेळायचे काम उरलेल्यांनी केले. बाळूंचे वय पस्तिशीचे, खांदा दुखत होता, तरी संपूर्ण दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. सरासरी होती 18.84. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत आठ गडी आणि लिस्टरशायरविरुद्ध सामन्यात 11 गडी त्यांनी बाद केले. लिस्टरशायरविरुद्धचा तो या दौऱ्यातला प्रथम श्रेणीचा पहिला विजय होता. सॉमरसेटला हरवले तेव्हा शिवरामने नाबाद 113 धावा केल्या. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंना कोणी अपयशी म्हणू शकले नाही. मुंबईला परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमरावांच्या पिढीला, आपल्यातला एक माणूस जगाच्या मैदानावर उभा राहिला, याचा केवढा अभिमान वाटला असेल!

पुढची नऊ-दहा वर्षे एकच प्रश्न होता. हिंदूंच्या संघात बाळूंइतका अनुभव कोणाला नव्हता. चार भाऊ खेळत होते, बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. कप्तानपद मात्र कधी एका सवर्णाकडे, कधी दुसऱ्याकडे. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळले. कप्तान एम. डी. पै पहिल्या सामन्याला आजारी पडले तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या ज्येष्ठांना डावलून त्यांच्यापेक्षा नवख्या दि. ब. देवधरांना कप्तान केले. दोघे भाऊ संघाबाहेर पडले आणि त्यांनी कारण जाहीरपणे सांगितले. अपमान पोटात घालून गप्प बसण्याचे दिवस संपले, हे त्यांनी कृतीने दाखवले. महाडच्या सत्याग्रहाला अजून सात वर्षे अवकाश होता, हे ध्यानात घ्यावे. बोभाटा झाला, समितीला माघार घ्यावी लागली. अंतिम सामन्यात भाऊ परतले, बाळूंना उपकप्तान केले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. 1923 साली विठ्ठल रीतसर कप्तान झाले आणि हिंदूंनी गोऱ्यांना हरवले. बाळूंना जे मिळाले नाही ते धाकट्या भावाला मिळाले. विठ्ठलनी 1948 साली मराठीत आपले आत्मचरित्र लिहून ठेवले, म्हणून यातले बरेच आज आपल्याला ठाऊक आहे. नाहीतर हेही पुसले गेले असते.

इथवरची कहाणी अभिमानाची आहे. पुढची सांगताना आम्हाला जड जाते, पण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या बाजूला राहिले नाहीत. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता. 1932 च्या पुणे करारावर बाबासाहेबांबरोबर त्यांचीही सही आहे, परंतु ती दुसऱ्या बाजूची सही आहे. 1933 साली त्यांनी हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि हरले. 1935 साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, त्यालाही त्यांनी विरोध केला. आणि 1937 साली मुंबई विधानसभेसाठी भायखळा-परळ भागात काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात उमेदवार शोधला तो पालवणकर बाळू.

हीही एक निवडच होती. तीस-चाळीस वर्षे ज्यांनी बाळूंना कप्तान केले नाही, त्याच वर्गाला आता बाळू हवेसे झाले. कारण बाबासाहेबांची मते फोडायला अस्पृश्यांतलाच नामवंत माणूस हवा होता. पूर्वी गोऱ्यांना हरवण्यासाठी हा डावा हात लागला, आता आंबेडकरांना हरवण्यासाठी लागला. दोन्ही वेळा तराजू त्यांच्याच हातात होता. मतदारांनी मात्र आपला तराजू वापरला. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. त्याच वर्षी डिसेंबरअखेर बाबासाहेब सोलापूर जिल्ह्यातल्या अस्पृश्यांच्या परिषदेसाठी पंढरपूरला आले. मुंबईहून पंढरपूरला रेल्वेने यायचे तर वाट आमच्या कुर्डुवाडी जंक्शनवरूनच होती.

बाळूंना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. ज्या माणसाने मातीच्या भांड्यातला चहा पिऊन गोऱ्यांचे गडी बाद केले, त्याला वाटले असेल की आपण गुण दाखवत राहिलो तर एक दिवस हे लोक आपल्याला आपले म्हणतील. तो त्यांचा आयुष्यभराचा अनुभवही होता, कारण थोडे थोडे दार उघडत गेले होते. बाबासाहेबांचा अनुभव वेगळा होता. दुसऱ्याने उघडलेले दार दुसरा केव्हाही लावू शकतो, म्हणून किल्लीच आपल्या हाती हवी, हे त्यांनी ओळखले. 1920 साली शिवराम आणि विठ्ठल यांनी संघ सोडला तेव्हा दार उघडले, हे बाळूंच्या स्वतःच्या घरातले उदाहरण. नुसत्या गुणाने ते उघडले नव्हते.

4 जुलै 1955 रोजी बाळूंचे निधन झाले. प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 बळी, सरासरी 15.21 एवढी नोंद मागे राहिली. हे आकडे कोणी खोडू शकले नाही. कप्तानपदाच्या रकान्यात मात्र काही लिहिलेले नाही, आणि तो रकाना त्यांच्या बॉलिंगमुळे रिकामा राहिलेला नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. आमच्या पोरांत गुण नाही अशी ओरड आता कोणी करू नये. गुण आहे, तो कुर्डुवाडीच्या मैदानावर दर एप्रिलला दिसतो. मोजणाऱ्यांत आपली माणसे किती आहेत, निवड समितीत कोण बसते, गुण कोणत्या कागदावर लिहिले जातात आणि तो कागद मुलाला पाहायला मिळतो की नाही, हे प्रश्न आपण विचारले पाहिजेत. सहा चेंडूंत बॉलर कळत नाही. ग्रेगला बाळू कळायला कितीतरी सकाळी लागल्या.

त्या डावखुऱ्या मुलाला आम्ही एक वही दिली आहे. कोणाविरुद्ध किती षटके टाकली, किती धावा गेल्या, किती गडी बाद झाले, दर मॅचला तारीख घालून लिहायचे, खाली दोन्ही कप्तानांची सही घ्यायची. पुढच्या चाचणीला जाताना ती वही बरोबर न्यायची आणि यादीत नाव नसेल तर कारण लेखी मागायचे, असे त्याला बजावले आहे. पहिल्या पानावर त्याने आपल्या नावाच्या वर पालवणकर बाळूंचे नाव लिहिले आहे.