हाफकिन यांच्यावरील किटाळ

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. सर्पदंशावरील औषधापासून पोलिओच्या लशीपर्यंत अनेक कारणांनी ते घरोघर पोहोचले आहे. परंतु ज्यांचे नाव या संस्थेला लाभले, त्या वाल्देमार हाफकिन यांना तिच्याच संचालकपदावरून एकोणीस मृत्यूंचे खापर माथ्यावर घेऊन दूर व्हावे लागले होते, ही हकीकत आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. कोविडच्या साथीत लस, तिची निर्धोकता आणि लोकांचा विश्वास या प्रश्नांचा पुष्कळ ऊहापोह झाला. हे तिन्ही प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आले होते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेच्निकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. ज्यूविरोधी दंगलींच्या काळात स्वजनांच्या रक्षणासाठी ते पुढे सरसावले व त्यापायी त्यांना तुरुंगही पाहावा लागला. ज्यू धर्म सोडल्याखेरीज अध्यापनाची मोठी जागा मिळणे शक्य नव्हते आणि धर्म सोडण्यास ते तयार नव्हते. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले, ते साहाय्यक ग्रंथपाल म्हणून. दिवसा ग्रंथालय आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम होता.

पटकीची लस

पटकीच्या जंतूंवर त्यांनी तेथे जे काम केले, त्यातून लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. युरोपातील जाणत्यांना तिच्याविषयी शंका होती. मात्र पटकीचे माहेरघर समजला जाणारा बंगाल हीच तिची खरी कसोटी होती. १८९३ मध्ये हाफकिन हिंदुस्थानात आले. पुढील वर्षी कलकत्त्याच्या एका वस्तीत सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर त्या वस्तीत पटकी आली, तेव्हा आजारी पडले ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. टोचलेले आणि न टोचलेले एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर राहणारे असावेत आणि दोघांची नोंद काटेकोर ठेवावी, हा त्यांचा दंडक आजच्या लसचाचण्यांच्या पद्धतीशी नाते सांगणारा आहे.

प्लेग आणि सक्ती

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व लगतचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम आरंभिले. मांसरसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले असता प्लेगचे जंतू त्यांना धरून भरघोस वाढतात, असे त्यांना आढळले. वाढलेले जंतू उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला.

याच सुमारास सरकार वेगळ्या मार्गाने चालले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात सोजिरांकडून घरांची झडती, माणसांना घराबाहेर काढणे, चीजवस्तू जाळणे हे प्रकार सुरू झाले. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च रोजी निधन झाले, आणि २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लोकांचा मनोभंग करून साथ आटोक्यात येत नाही, हे त्या वर्षाने दाखवून दिले. हाफकिन यांची लस मात्र संमतीवर विसंबून होती. आगाखान यांनी स्वतः ती टोचून घेतली, तेव्हा हजारो खोजे पुढे आले. १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावात प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस देण्यात आली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी तिघे दगावले, तर न घेतलेल्या ६४ पैकी २६. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा उघडली आणि हाफकिन यांची कीर्ती शिखरास पोहोचली.

मुल्कोवालची बाटली

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ माणसांना लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांपैकी एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे दगावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकीच्या बाटल्यांनी कोणालाही इजा झाली नाही.

चौकशीसाठी मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, ती दूषित झाली होती, असा त्याने निष्कर्ष काढला. त्याचा मुख्य आधार असा की, पंजाबची मोठी मागणी पुरवण्यासाठी हाफकिन यांनी लस करण्याच्या पद्धतीत बदल केला होता आणि तीत कार्बोलिक आम्ल घालणे सोडले होते. हा बदल त्यांनी केला होता, हे खरे. जबाबदार शास्त्रज्ञास त्याचा जाब विचारणे गैर नव्हते. परंतु जाब विचारणे वेगळे आणि दोष सिद्ध होणे वेगळे. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता व तो ज्योतीवर न तापवता नुसता सौम्य जंतुनाशकात बुडवून वापरला गेला, ही बाब पुराव्यात आलेली होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली उघडताना लशीला कसलीही दुर्गंधी आली नव्हती. कित्येक दिवस आधी त्या जंतूंचा शिरकाव झाला असता, तर ती आल्यावाचून राहिली नसती. तरीही संचालकपदावरून हाफकिन दूर झाले आणि १९०४ मध्ये युरोपात परतले.

उशिराचा न्याय

पुढे मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ च्या जुलैमध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले व प्रयोगशाळेवरील आरोप शाबीत झालेला नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. वर्षअखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरीत घेतले. मात्र परळ त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत माणसांवरील लसचाचण्यांना वाव नव्हता. निवृत्तीचे किमान वय होताच त्यांनी हिंदुस्थान सोडला. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

या प्रकरणात अन्याय एका शास्त्रज्ञावर झाला, पण त्याची किंमत एकट्या त्यानेच मोजली असे नाही. मुल्कोवालच्या वार्तेने पंजाबातील लसमोहीम कोलमडली. ज्या वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले, त्याच १९०७ साली हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक बळी घेतले. लस खरोखर दूषित आहे की ती टोचताना हलगर्जीपणा झाला, याचे उत्तर वेळीच व उघडपणे लोकांपुढे आले असते, तर त्यांतील किती जीव वाचले असते याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

लसीकरणानंतरच्या अनिष्ट घटनांची चौकशी करणाऱ्या समित्या आज अस्तित्वात आहेत. बाटलीवरील क्रमांकापासून सुई हाताळणाऱ्या हातापर्यंत सर्व टप्पे तपासण्याची पद्धतही रूढ झाली आहे. तरीही एखादे बालक लशीनंतर दगावले की, एका बाजूने लशीलाच दोष देण्याची आणि दुसऱ्या बाजूने काही घडलेच नाही असे भासविण्याची घाई होते. या दोन्ही घाईंनी विश्वास ढळतो. मुल्कोवालच्या एकोणीस घरांना आपली माणसे कशामुळे गेली, हे कळण्याचा हक्क होता. त्यांना खरे उत्तर मिळाले असते, तर हाफकिन यांच्यावरील किटाळ आपोआप दूर झाले असते.