विश्लेषण : राजर्षी शाहूंनी कुस्तीला राजाश्रय दिला, म्हणजे नेमके काय केले?

आरक्षण, मोफत शिक्षण, वसतिगृहे आणि राधानगरी धरण यांमुळे शाहू महाराज सर्वांना ठाऊक आहेत. पण मल्ल पोसणारा, त्यांच्या जोडी लावणारा आणि हजारो लोकांना एकाच वेळी कुस्ती दिसेल असे मैदान उभारणारा हा राजा त्या काळातला कुस्तीचा सर्वांत मोठा व्यवस्थापकही होता.

पनवेल-उरण पट्ट्यातल्या गावजत्रेत आजही कुस्त्यांचा फड लागतो. हलगी वाजते, ध्वनिक्षेपकावरून इनामाची रक्कम जाहीर होते, पंच दोन मल्लांचे हात हातात घेऊन हौद्याला फेरी मारतात. पैसे गावाच्या वर्गणीतून किंवा एखाद्या हौशी दात्याच्या खिशातून येतात. हा फड संपला की मल्ल पुढच्या जत्रेकडे निघतो. त्या दोन जत्रांच्या मधल्या दिवसांचे दूध, तूप, बदाम कुणी पुरवायचे, हा कुस्तीतला सर्वांत जुना प्रश्न आहे. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी सव्वाशे वर्षांपूर्वी त्याला एक उत्तर शोधले होते.

मुळात शाहूंना कुस्तीचे वेड कुठून लागले?

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या यशवंतरावांना १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेण्यात आले आणि ते शाहू झाले. राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि नंतर धारवाडला फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. अंगाने धिप्पाड असलेल्या या मुलाने पुस्तकांबरोबर जोर-बैठकाही केल्या आणि मातीही अंगाला लावून घेतली. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. शिकार, हत्तींची साठमारी, चित्ते पाळणे असे राजेशाही शौक त्यांना होतेच. मात्र त्यांतला कुस्तीचा शौक पुढे राज्याच्या धोरणात उतरला, आणि तोच टिकला.

कुस्ती स्वतः खेळलेला माणूस मल्लाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. कुणाचा दम कुठे संपतो, कुणाची पकड ढिली आहे, कुणाला अजून सहा महिने हौद्यात उतरवू नये, हे बाहेरून पैसे देणाऱ्या शौकिनाला कळत नाही. शाहूंना ते कळत होते.

तेव्हा मल्लाचे पोट कशावर चालायचे?

संस्थानिकांच्या मर्जीवर. पतियाळा, दतिया, बडोदा, इंदूर अशा दरबारांत मल्ल ठेवले जात. राजाला आवड असेपर्यंत खुराक चालू, आवड सरली किंवा राजा गेला की मल्ल रस्त्यावर. कुस्त्याही बहुतेकदा दरबारी मंडळींसमोर होत. सामान्य रयतेला दिसे ती जत्रेतली कुस्ती.

निकाली कुस्तीचे गणितही निर्दयी होते. गुण नाहीत, वेळेची मर्यादा नाही. दोन्ही खांदे मातीला लागले, आस्मान दिसले की खेळ संपला. एका मोठ्या पराभवाने मल्लाचा भाव कोसळे. म्हणूनच जोड लावणे, म्हणजे कुणाला कुणाशी लढवायचे हे ठरवणे, हे वस्तादाचे आणि आश्रयदात्याचे सर्वांत जोखमीचे काम असे. कच्च्या मल्लाला बलाढ्य गड्यापुढे उभे केले तर त्याचे आयुष्य वाया जाते. सोपी जोड लावली तर प्रेक्षक हुर्यो करतात.

कोल्हापुरात शाहूंनी उत्तरेकडचे नामांकित मल्ल आणले, त्यांना ठेवून घेतले आणि स्थानिक पोरांना त्यांच्याबरोबर लढत करायला लावली. पंजाबचे डावपेच आणि दक्षिणेचा दमसास एकाच मातीत मिसळले. पेठापेठांतल्या तालमींना बळ मिळाले. आज कोल्हापूरच्या माणसाला पत्ता विचारला तर तो अजूनही तालमीची खूण सांगतो. मल्ल घडवण्यापलीकडे या तालमी गणपतीपासून फुटबॉलपर्यंत पेठेचा सगळा सार्वजनिक संसार चालवतात.

त्याच वेळी जगात काय चालले होते?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोप-अमेरिकेत धंदेवाईक कुस्ती जोरात होती. हॅकेनश्मिट आणि गॉच यांची नावे घराघरांत पोहोचली होती, नाटकगृहांत तिकीट लावून कुस्त्या होत. १९१० मध्ये आर. बी. बेंजामिन या प्रवर्तकाने गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष आणि आणखी काही हिंदी मल्लांना लंडनला नेले. खर्चाचा भार शरदकुमार मित्र या बंगाली धनिकाने उचलला. उंची कमी म्हणून गामाला आधी स्पर्धेत घेतलेच नाही. तेव्हा कोणत्याही तिघांना तीस मिनिटांत पाडतो, असे जाहीर आव्हान त्याच्या वतीने देण्यात आले. सप्टेंबरमध्ये झिबिस्कोशी झालेली त्याची लढत अडीच तासांहून अधिक चालली, कारण झिबिस्को बहुतेक वेळ चटईला चिकटून राहिला. दुसऱ्या लढतीला तो आलाच नाही आणि पट्टा गामाकडे गेला. इमामबक्षनेही स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला अवघ्या काही मिनिटांत हरवले.

बेंजामिनचे काम तिकिटे खपवण्याचे होते आणि ते त्याने चोख केले. दौरा संपला तसा त्याचा मल्लांशी संबंधही संपला. शाहूंच्या कामाचे वेगळेपण इथे दिसते. त्यांना मल्ल वर्षाचे बाराही महिने सांभाळायचा होता.

खासबाग मैदान कसे उभे राहिले?

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू १९०२ मध्ये इंग्लंडला गेले. याच मुक्कामात त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो २६ जुलै १९०२ चा. प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. भोवती पायऱ्या, मध्ये खेळ आणि कुठेही बसले तरी मध्यभाग दिसतो, ही त्या वास्तूची युक्ती त्यांच्या डोक्यात बसली.

कोल्हापुरात काम सुरू झाले ते १९०७ मध्ये आणि पूर्ण झाले १९१२ मध्ये. जमीन बशीसारखी खोलगट केली आणि मधोमध हौदा ठेवला. प्रेक्षक कडेने चढत जाणाऱ्या उतारावर बसतात, त्यामुळे पुढच्याचा फेटा मागच्याच्या आड येत नाही. तीसेक हजार माणसे बसू शकतील असे हे मैदान. ध्वनिक्षेपक आणि पडदे नसलेल्या काळात एवढ्या लोकांना एक कुस्ती नीट दाखवणे ही साधी गोष्ट नव्हती. हौद्यातली लाल माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केली जाते. मल्ल पडला तरी हाड शाबूत राहावे आणि अंगावरची जखम चिघळू नये, हा त्यामागचा हिशेब.

पहिली मोठी कुस्ती लागली इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात. दोन वर्षांपूर्वी लंडन गाजवून आलेला इमामबक्ष आता कोल्हापूरच्या रयतेसमोर लढत होता आणि त्याने ती कुस्ती जिंकली. नव्या मैदानाचे नाव एका दिवसात देशभरच्या आखाड्यांत पोहोचवायचे तर याहून चांगली जोड सापडणे कठीण होते.

शेजारीच पॅलेस थिएटर उभे राहिले आणि १९१५ मध्ये खुले झाले. आजचे केशवराव भोसले नाट्यगृह ते हेच. नाटक आणि कुस्ती यांची पाठ एकमेकांना लागलेली असावी, ही कल्पनाच कोल्हापुरी म्हणायला हवी.

याच वर्षांत राधानगरी धरणाचे कामही हाती घेतले गेले होते. पैशाअभावी ते अर्ध्यावर थांबले आणि पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर. मैदान झाले आणि धरण राहिले, असा टोमणा मारता येईल, पण तो रास्त ठरणार नाही. धरणाचा खर्च लहानशा संस्थानाच्या आवाक्यापलीकडचा होता, मैदानाचा नव्हता. तरीही रयतेच्या महसुलातून कुस्तीवर किती खर्च व्हावा, हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. दुष्काळ आणि प्लेगने कारकिर्दीची पहिली वर्षे झाकोळलेल्या राज्यात तर नाहीच.

कुस्ती आणि जातिअंत यांचा काय संबंध?

कुस्ती हा स्पर्शाचा खेळ आहे. एकमेकांच्या घामात भिजल्याशिवाय डाव लागत नाही. त्यामुळे तालमीत शिवाशिव पाळायची म्हटली तर खेळच बंद पडतो. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे शरीरविद्या शिकले. ब्राह्मण शिष्य आणि मांग समाजातले वस्ताद ही जोडी शाहूंच्या जन्माच्या आसपासची. म्हणजे तालमीचे दार आधीच थोडे किलकिले होते.

शाहूंनी ते राजाच्या अधिकाराने उघडले. अस्पृश्य समाजातले तरुण त्यांनी मल्ल म्हणून तयार केले आणि त्यांना जाट, सरदार, पंडित अशी नावे दिली. नावावरून जात कळत नाही, मग समोरचा मल्ल सलामी द्यायला नकार कशाच्या आधारावर देणार? सोनतळीच्या कॅम्पवर अशा माणसांचा वावर राजाच्या सोबतीने असे. कुणी माहूत झाले, कुणी पोलिसात गेले. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चारचौघांत चहा पिणारा राजा आणि महार मल्लाला जाट म्हणून हौद्यात उतरवणारा राजा एकच होता.

या युक्तीला मर्यादा होती. नाव बदलून जात झाकली जाते, नाहीशी होत नाही. टोपणनावाआडचा मल्ल विजयी झाला तरी टाळ्या त्याच्या समाजाच्या वाट्याला कितपत आल्या असतील, ही शंका उरतेच. शाहूंनाही ते उमगले असावे, कारण पुढच्या वर्षांत त्यांनी आडवळणाचा मार्ग सोडला. १९१८ मध्ये महार वतने रद्द केली, १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास हुकमाने बंदी केली आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेजारी उघडपणे उभे राहिले.

शाहूंनंतर मल्लांचे काय झाले?

धाकट्या मुलाचा, शिवाजीचा, १९१८ मध्ये शिकारीत अपघाती मृत्यू झाला. तो घाव, मधुमेह आणि हृदयविकार यांनी शाहू खचत गेले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये त्यांचे निधन झाले. वय होते ४७.

एरवी अशा वेळी दरबारी मल्लांची पांगापांग व्हायची. कोल्हापुरात तसे झाले नाही, कारण तोवर कुस्ती एका माणसाच्या शौकावर उभी राहिलेली नव्हती. मैदान होते, तालमी होत्या, वस्तादांची पिढी होती आणि कुस्ती पाहायला सवयीने येणारा प्रेक्षक होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत असताना १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले, त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मात्र १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही तिजोरी बंद झाली. १९५२ च्या हेलसिंकीला निघताना खाशाबांना गावोगाव वर्गणी मागावी लागली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या खेळांतून खाशाबांनी आणलेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. चार वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन प्रवासांत राजाश्रय जाण्याचा अर्थ जितका स्पष्ट दिसतो, तितका तो आकडेवारीतही दिसणार नाही.

पुढे १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, त्यांच्या मागोमाग गणपतराव आंदळकर आले. दोघेही कोल्हापूरच्या मातीत घडलेले. खुराकाचा खर्च आता कधी साखर कारखाना, कधी पुढारी, कधी सरकारी मानधन, तर बहुतेकदा मल्लाचा शेतकरी बाप उचलतो. तालमीत राहणाऱ्या पोरासाठी घरची म्हैस राखून ठेवणारी कुटुंबे आजही आहेत.

खासबाग आज कुठल्या स्थितीत आहे?

आंतरराष्ट्रीय कुस्ती चटईवर गेली. गुणांची आणि मिनिटांची झाली. खासबागेत मात्र मातीवरची कुस्ती अजून होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले आणि मैदानाच्या बाजूचे व्यासपीठही त्यात गेले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बातमी ऐकून लोक रात्रीच खासबागेकडे धावले होते. त्यांत नाटकवाले होते तसेच कान मोडलेले म्हातारे पैलवानही होते. नाट्यगृह पुन्हा बांधण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.