शारजाच्या वाळवंटात उतरलेली इंजिने आणि सर रॉय फेडन

5 ऑक्टोबर 1932 रोजी इम्पीरियल एअरवेजचे ‘हॅनो’ हे प्रवासी विमान शारजाच्या नव्या धावपट्टीवर उतरले. आजच्या संयुक्त अरब अमिरातीतील हा पहिला विमानतळ. लंडनहून कराचीकडे जाणाऱ्या टपालाचा आणि प्रवाशांचा मुक्काम येथे पडू लागला. शारजातील किंग अब्दुल अझीझ रस्ता आज त्याच जुन्या धावपट्टीवरून जातो. ‘हॅनो’च्या पंखांवर प्रत्येकी सुमारे 490 अश्वशक्तीची चार ‘ज्युपिटर’ इंजिने होती. ती घडवणारे अभियंते म्हणजे सर रॉय फेडन.

फेडन यांचा जन्म 1885 मध्ये ब्रिस्टलच्या एका सुखवस्तू कुटुंबात झाला. क्लिफ्टन कॉलेजात शिकलेल्या या मुलाने सैन्यात न जाता कारखान्यात उमेदवारी पत्करली, आणि विशीतच एका मोटारीचा आराखडा करून तो ब्राझिल स्ट्रेकर या कंपनीला पटवून दिला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लिओनार्ड बटलर यांच्या साथीने त्यांनी नऊ सिलिंडरांचे ‘ज्युपिटर’ सिद्ध केले. 1920 मध्ये मालक कंपनीचे दिवाळे निघाले. तेव्हा ब्रिस्टल एअरप्लेन कंपनीने इंजिने, आराखडे आणि माणसे असा सारा संसार 15 हजार पौंडांत विकत घेतला. एवढा स्वस्त सौदा विमानविद्येच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

‘ज्युपिटर’ हवेनेच थंड होई. त्याला रेडिएटर नको, पाणी नको. वाळवंटी मार्गासाठी याहून मोठा गुण कोणता? 1926 मध्ये सीलबंद केलेल्या एका ‘ज्युपिटर’ने सुमारे 40 हजार किलोमीटरचे उड्डाण करून दाखवले. टिकाऊपणाची ती परीक्षा होती. तिच्याहून अवघड परीक्षा मात्र पहिल्या काही मिनिटांची असते.

रात्रभर उभे राहिलेले इंजिन आतून कोरडे असते. थंडीत तेल काकवीसारखे घट्ट होते आणि बेअरिंगपर्यंत पोहोचायला वेळ घेते. त्याआधीच पूर्ण शक्ती मागितली, तर धातूवर धातू घासून बेअरिंग जळते. म्हणून वैमानिक इंजिन मंद गतीने फिरवत तेल तापण्याची वाट पाहत असे. टपालाच्या विमानाला हा वेळ परवडे. शत्रूचे विमान डोक्यावर आले असता लढाऊ विमानाला तो परवडणे शक्य नव्हते. ब्रिस्टलच्या इंजिनांत यावर उपाय म्हणून तेलाचा दाब सुरुवातीलाच चढा ठेवणारी झडप आली. तेल थंड आणि घट्ट असेतो ती दाब वाढवून बेअरिंगांना भरपूर तेल पुरवी व तेल तापताच दाब आपोआप उतरवी. त्यामुळे सुरू केल्यावर थोड्याच वेळात पूर्ण शक्ती देता येऊ लागली. अशा चाचणीत घड्याळाकडे पाहून भागत नाही. नंतर इंजिन उघडून प्रत्येक बेअरिंग तपासावे लागते, आणि खरा निकाल तिथे लागतो.

पुढे फेडन यांनी झडपांऐवजी सरकत्या नळीचे इंजिन हाती घेतले. सिलिंडर आणि दट्ट्या यांच्यामध्ये फिरणारी ही पातळ नळी तेलाच्या पापुद्र्यावरच जगते. ती अचूक आणि मोठ्या संख्येने घडवण्यात कित्येक वर्षे व अफाट पैसा गेला. संचालक वैतागले, पण त्यातूनच निघालेली ‘हर्क्युलिस’ इंजिने 57 हजारांहून अधिक बनली आणि दुसऱ्या महायुद्धात ‘ब्यूफायटर’, ‘स्टर्लिंग’ यांसारखी विमाने त्यांच्या बळावर उडाली.

कामाच्या बाबतीत फेडन दुसऱ्याला उसंत देत नसत आणि स्वतःही घेत नसत. ज्या कंपनीला त्यांनी जगात नाव मिळवून दिले, तिच्या संचालक मंडळावर त्यांना कधीच जागा मिळाली नाही. 1942 मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी मतभेद विकोपाला जाऊन त्यांना कंपनी सोडावी लागली. युद्ध ऐन भरात असताना असा माणूस बाहेर पडू देणे, हा त्या मंडळाचा करंटेपणाच म्हणावा लागेल.

1945 च्या उन्हाळ्यात पराभूत जर्मनीतील विमान कारखान्यांची पाहणी करणारे ब्रिटिश पथक त्यांच्या नेतृत्वाखाली गेले. क्रॅनफिल्डचे विमानविद्या महाविद्यालय उभे राहावे यासाठीही ते झटले. युद्धानंतर स्वतःची मोटार काढण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला. नोव्हेंबर 1973 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.